हवा सोडणे सोपे, भरणे अवघड : आडवाटेच्या गाडीत कॉम्प्रेसर कसा आला?

#थ्रेड

१/ पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पश्चिमेला निघाले की साधारण तीस किलोमीटरवर पौड लागते. मुळशी तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. त्यापुढे मुळशीचे धरण, मग ताम्हिणी घाट आणि खाली कोकण. पावसाळ्यात या वाटेवर फोर-बाय-फोर गाड्यांची वर्दळ असते. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांच्या बॉनेटखाली किंवा आसनाखाली एक लहानसे यंत्र कायमचे बसवलेले असते : हवेचा कॉम्प्रेसर. पंक्चरचे दुकान गावोगावी असताना गाडीने स्वतःची हवा सोबत का न्यावी? या साध्या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ आधी प्रश्न नीट समजून घेऊ. गाडीचे सारे वजन टायरमधील हवेवर तोललेले असते. समजा, गाडीचे वजन १८०० किलो आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर ४५० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय दाब असेल, तर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो होतो. ४५० ला सव्वादोनने भागा : टायर जमिनीला साधारण २०० चौरस सेंटिमीटर टेकतो. दाब निम्मा, म्हणजे १६ केला, की हेच क्षेत्र ढोबळमानाने दुप्पट होते. टायरच्या भिंतींचा ताठरपणा या हिशेबात धरलेला नाही. पण तत्त्व तेच.

३/ क्षेत्र दुप्पट झाले की जमिनीवरचा भार पसरतो. चिखलात चाक रुतण्याऐवजी वर राहते, टोकदार दगडावर टायर ताठ उभा न राहता त्याला कवेत घेतो. म्हणून आडवाटेला लागण्यापूर्वी जाणते चालक टायरची हवा कमी करतात. त्याला दोन-चार मिनिटे पुरतात. खरी अडचण परतीच्या वेळी येते. कमी हवेच्या टायरवर डांबरी रस्त्याने वेगात गेले, तर टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, तापतात आणि शेवटी फाटतात. उतारावर, वळणावर हे घडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

४/ म्हणून हवा परत भरायची. किती? टायरची पोकळी ६० लिटर धरली, तर १६ वरून ३२ पीएसआयपर्यंत जाण्यासाठी वातावरणातील सुमारे ६५ लिटर हवा आत कोंबावी लागते. चार चाकांना २६० लिटर. पायपंपाच्या एका दाबात अर्धा लिटर हवा जाते असे मानले, तरी पाचशेहून अधिक वेळा पाय मारावा लागेल; दाब वाढत जातो तसा प्रत्येक दाब अधिक जड. दिवसभर चिखलात झगडलेल्या माणसाने संध्याकाळी हे करायचे! हवा सोडणे आणि हवा भरणे यांतील ही विषमता हाच या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे.

५/ हवा दाबून कामाला लावण्याची कल्पना प्राचीन आहे. आपल्या गावगाड्यातील लोहाराचा भाता म्हणजे तेच तर होते : चामड्याची पिशवी, एका दिशेने उघडणारी झडप आणि हाताचा जोर. सतराव्या शतकात जर्मनीतील ओटो फॉन गेरिक यांनी हवेचा पंप तयार केला. १६६२ मध्ये रॉबर्ट बॉइल यांनी हवेचा दाब आणि आकारमान यांचे व्यस्त नाते मांडले. वर केलेला २६० लिटरांचा हिशेब त्याच नियमावर उभा आहे.

६/ टायरमध्ये हवा भरण्याची कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकातील. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. पण तेव्हा ना सायकली रुळल्या होत्या, ना मोटारी जन्मल्या होत्या. शोध काळाच्या फार पुढे होता, आणि तो विस्मरणात गेला. १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी तो स्वतंत्रपणे पुन्हा लावला. या वेळी सायकल तयार होती. त्यामुळे टायर टिकला. आणि टायरसोबत पंपही प्रत्येकाच्या घरी पोचला.

७/ इकडे दुसऱ्याच क्षेत्रात दाबलेल्या हवेने आपली ताकद दाखवली होती. आल्प्समधील माँ सेनी बोगद्याचे काम १८५७ मध्ये सुरू झाले आणि १८६१ पासून तिथे दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे खडक फोडू लागली. नेमक्या त्याच वर्षांत आपल्या सह्याद्रीत बोर घाटाची रेल्वे बांधली जात होती. १८५६ ते १८६३ या काळात तेथील पंचवीस बोगदे मजुरांनी पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर कोरले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटावर होते. पटकी आणि अपघातांत हजारोंचा बळी गेला. यंत्राची हवा युरोपातील डोंगरात होती. सह्याद्रीत माणसाचा श्वास होता.

८/ वाहनात बसवलेला पहिला महत्त्वाचा कॉम्प्रेसर मोटारीत नव्हता, तो आगगाडीत होता. १८६९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. इंजिनावर वाफेने चालणारा पंप बसवला, हवा टाकीत साठवली आणि नळीवाटे डब्याडब्यापर्यंत नेली. चालत्या वाहनाने स्वतःच्या शक्तीतून स्वतःची हवा तयार करावी, हे सूत्र इथे पक्के झाले. पुणे-लोणावळा लोकल स्थानकात थांबल्यावर डब्याखाली जी धडधड सुरू होते, ती याच वंशातील कॉम्प्रेसरची.

९/ मोटारी आल्या त्या हवेच्या टायरवर. खिळे, नाल आणि खडी यांनी भरलेल्या तत्कालीन रस्त्यांवर पंक्चर ही रोजची बाब होती. हातपंपाचा कंटाळा येऊन विसाव्या शतकाच्या आरंभीच काही महागड्या मोटारींत इंजिनावर चालणारे टायरपंप बसवले गेले. एक गमतीशीर युक्तीही निघाली : इंजिनाचा एक स्पार्कप्लग काढायचा, त्या जागी पंप बसवायचा आणि उरलेल्या सिलिंडरांवर इंजिन चालू ठेवून रिकाम्या सिलिंडरच्या दट्ट्याकडून हवा भरून घ्यायची. पुढे रस्ते सुधारले, टायर टिकाऊ झाले, पेट्रोलपंपावर हवा मिळू लागली. आणि मोटारीतील पंप नाहीसा झाला.

१०/ तो परतला वाळवंटातून. १९२० आणि १९३० च्या दशकांत ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड यांनी इजिप्त-लिबियाच्या वाळूत मोटारींनी लांबलांबचे प्रवास केले. मऊ वाळूत टायरची हवा कमी करायची, हा त्या प्रवासांतील एक महत्त्वाचा धडा. १९४० मध्ये त्यांनी लाँग रेंज डेझर्ट ग्रुप हे पथक उभारले. त्याला पुढे भारतीय घोडदळातून निवडलेले इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही जोडले गेले. घोड्यावरून मोटारीवर आलेले भारतीय जवान आफ्रिकेच्या वाळूत टायरच्या दाबाचे शास्त्र गिरवत होते, हा आपल्या इतिहासातील फारसा न सांगितला जाणारा भाग.

११/ दुसऱ्या महायुद्धातच हवा सोडणे आणि भरणे यांतील विषमता पहिल्यांदा पूर्णपणे मिटली. १९४२ मध्ये अमेरिकेने ‘डक’ हे पाण्यात तरंगणारे आणि किनाऱ्यावर चढणारे सहा चाकी वाहन तयार केले. समुद्रातून थेट मऊ वाळूवर यायचे आणि लगेच पक्क्या रस्त्यावर धावायचे, मग खाली उतरून पंप मारायला वेळ कुठला? म्हणून कॉम्प्रेसर वाहनातच बसवला आणि चालकाला जागेवरून टायरचा दाब बदलता येईल अशी सोय केली. वाळूवर दहा-बारा पीएसआय, रस्त्यावर चाळीसच्या आसपास. १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर या वाहनांनी आपले मोल सिद्ध केले. सोव्हिएत संघानेही पुढे आपल्या लष्करी ट्रकांत ही पद्धत स्वीकारली.

१२/ त्याच युद्धाची दुसरी देणगी म्हणजे विलीस जीप. तिच्या सामानात मात्र साधा हातपंपच होता. युद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीस काढलेल्या जीप भारतात सर्वदूर पसरल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये आजचे नाव घेतलेल्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. सरकारी अधिकारी, जंगलखाते, पाटबंधारे, निवडणुकीचा प्रचार : स्वतंत्र भारताचा कारभार दुर्गम भागात पोचला तो बऱ्याच अंशी जीपने. पण या जीपला कॉम्प्रेसर नव्हता. रुतली तर ढकलायला माणसे असत. हवा कमी करून पुन्हा भरण्याची चैन कोणाला परवडणार?

१३/ तरीही ‘गाडीतला कॉम्प्रेसर ही परदेशी चूष’ हा समज चुकीचा आहे. आपल्या रस्त्यावरील हवेच्या ब्रेकच्या प्रत्येक ट्रकमध्ये आणि बसमध्ये इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी असतेच. थांब्यावर ब्रेक सुटताना येणारा ‘फुस्स’ असा आवाज त्याच हवेचा. अनेक ट्रकांच्या हवेच्या यंत्रणेत टायर भरण्यासाठी नळी जोडण्याची सोयही असते. आडरानात टायरची हवा कमी झाली की ट्रकचालक टाकीची हवा टायरला देतो. हौशी जीपचालकांनी ज्याला नंतर ‘ऑनबोर्ड एअर’ असे भारदस्त नाव दिले, ते ट्रकवाल्यांनी कोणतेही नाव न देता कित्येक वर्षे वापरले.

१४/ या इतिहासात पुण्याचेही स्थान मोठे आहे. १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी स्थापन झाली आणि हडपसरच्या कारखान्यातून एअर कॉम्प्रेसर बाहेर पडू लागले. स्वीडनमधून आलेल्या अ‍ॅटलास कॉप्कोने दापोडीत बस्तान बसवले. १९५८ मध्येच फिरोदियांच्या बजाज टेम्पोचा आरंभ झाला. आजची फोर्स मोटर्स ती हीच. तिची ‘गुरखा’ आडवाटेच्या गाड्यांत मानाने गणली जाते. आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली, वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था वसली ती वेताळ टेकडीवर, पौड रस्त्याच्या वरच्या अंगाला. हवा दाबणारे, गाडी बनवणारे आणि गाडी तपासणारे असे तिघेही एकाच शहरात!

१५/ मग हौशी जीपमध्ये कॉम्प्रेसर आला कसा? दोन वाटांनी. अमेरिकेतील जीपवेड्यांनी वातानुकूलन यंत्राचा जुना कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर बसवून त्याच्याकडून हवा भरून घेतली. यॉर्क बनावटीचे दट्ट्याचे कॉम्प्रेसर यासाठी विशेष प्रसिद्ध होते. कारण त्यांचे वंगणाचे तेल त्यांच्याच पोटात असे. दुसरी वाट ऑस्ट्रेलियातून आली. एआरबी कंपनीने १९८० च्या दशकात हवेवर चालणारे डिफरन्शियल लॉक बाजारात आणले. एक चाक हवेत लटकले तरी दुसऱ्याला जोर मिळावा, यासाठी ते लॉक. त्याला थोडी दाबलेली हवा लागे. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोबत आला. एकदा तो गाडीत बसला की टायर भरायला कितीसा वेळ?

१६/ बॅटरीवरचा कॉम्प्रेसर बसवणे दिसते सोपे, पण त्यात विद्युतशास्त्राचा कस लागतो. १२ व्होल्टवर ३० अँपिअर प्रवाह म्हणजे ३६० वॅट. सिगारेट लायटरच्या खोबणीचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा. तिथून हे यंत्र चालणारच नाही. म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार आणावी लागते. तार बारीक असेल तर ती तापते आणि यंत्रापर्यंत पुरेसा व्होल्ट पोचत नाही. फ्यूज बॅटरीजवळच हवा : तार मध्येच कुठे घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, तर दुसऱ्या टोकाचा फ्यूज काहीच वाचवू शकत नाही. डॅशबोर्डवरच्या बटणाने फक्त रिले चालवायचा, मोठा प्रवाह रिलेतून न्यायचा. आणि हवा भरताना इंजिन सुरू ठेवायचे. नाहीतर टायर भरतील आणि बॅटरी बसेल.

१७/ दुसरा शत्रू उष्णता. हवा झटकन दाबली की ती तापते; सायकलच्या पंपाचे तोंड गरम लागते ते यामुळेच. ३० अंशांची हवा ३२ पीएसआयपर्यंत एकदम दाबली, तर सैद्धांतिक हिशेबाने ती दीडशे अंशांच्या घरात जाते. म्हणून कॉम्प्रेसरला लागून येणारी पहिली नळी जाळीच्या आवरणाची, उष्णता सोसणारी घेतात. चांगल्या यंत्रात तापमान वाढताच ते बंद पाडणारा कट-आउट असतो. मिनिटाला ६० लिटर हवा देणारे यंत्र आपले २६० लिटरांचे काम कागदावर साडेचार मिनिटांत करते, प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ घेते. दहा-पंधरा लिटरांचे खेळण्यासारखे यंत्र तेच काम करताना दोन-तीनदा धापा टाकते.

१८/ टाकीबद्दलही एक गैरसमज आहे. दहा लिटरची टाकी आठ बारपर्यंत भरली, तरी ३२ पीएसआयचा टायर भरताना तिच्यातील ५८ लिटर हवाच उपयोगी पडते. म्हणजे एक टायरही पुरता होत नाही. टाकी हवा ‘निर्माण’ करत नाही, फक्त थोडी शिल्लक ठेवते. शिवाय सह्याद्रीच्या पावसात टाकी म्हणजे पाण्याचा साठा. दमट हवा दाबून थंड झाली की तिच्यातील पाणी तळाशी उतरते. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत २४ तासांत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. अशा प्रदेशात टाकीच्या तळाची तोटी नियमित उघडणे आणि कॉम्प्रेसर व त्याचे हवा ओढण्याचे तोंड ओढ्याच्या पाण्यापासून उंच ठेवणे, हे शोभेचे काम नव्हे. यंत्राच्या आयुष्याचा तो प्रश्न आहे.

१९/ इथवरचा इतिहास यंत्राचा. पण मुळशीत जमिनीचा इतिहास विसरून चालत नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात. लढा हरला, खोरे पाण्याखाली गेले. वरच्या अंगाला उरलेली भातखाचरे, बांध आणि पायवाटा यांवरच इथल्या माणसांनी पुढची शंभर वर्षे काढली.

२०/ आज हौशी गाड्या ज्याला ‘ट्रॅक’ म्हणतात, ती पुष्कळदा कुणाची तरी बैलगाडीची वाट किंवा खाचराचा बांध असतो. ताठ टायर चिखलात खोल चाकोरी पाडतो. त्या चाकोरीतून पावसाचे पाणी धावते आणि माती घेऊन जाते. दाब कमी केलेला टायर भार पसरतो आणि चाकोरी उथळ राहते. अमेरिकेच्या वनखात्याने १९८० च्या दशकापासून लाकूड वाहणाऱ्या ट्रकांत दाब बदलण्याच्या यंत्रणेचा अभ्यास केला, तो याच कारणाने : जंगलातील कच्चे रस्ते वाचावेत म्हणून. अर्थात, पेरलेल्या खाचरात गाडी घालायला कोणताही दाब योग्य नाही. तिथे परवानगी आणि विवेक हीच दोन साधने.

२१/ आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा पाहू. हवा भरायची सोय नसलेला चालक हवा सोडायला कचरतो. मग तो ताठ टायरवर जोर लावतो, चाके जागच्या जागी फिरवतो, वाट उखडतो. किंवा हवा सोडतो आणि परतताना मऊ टायरवरच पुण्याचा रस्ता धरतो. पहिल्यात जमिनीचे नुकसान, दुसऱ्यात माणसाच्या जिवाला धोका. कॉम्प्रेसर गाडीला अधिक ताकद देत नाही. तो चालकाला निःशंकपणे हवा सोडू देतो, एवढेच त्याचे काम; आणि भात्यापासून ‘डक’पर्यंतचा सारा प्रवास त्या एका कामासाठी झाला.

२२/ घाट उतरून किंवा धरणाला वळसा घालून गाडी डांबरी रस्त्याला लागली की वेग घेण्याआधी चारही चाकांचा दाब मोजावा आणि हवा पूर्ववत करावी. थॉमसनचा टायर, बॉइलचा नियम, वेस्टिंगहाउसची युक्ती आणि विनानावाच्या ट्रकचालकांचा अनुभव त्या दहा मिनिटांत एकत्र येतात. पुढचे तीस किलोमीटर त्याच हवेवर कापायचे असतात.

(थ्रेड समाप्त)